कोनती पट्टी शे रे भो? घरच्या घरी गिटार शिकणाऱ्यासाठी थिअरीची वाट

खानदेशातल्या कानबाई या देवीच्या जागरणाला गिटार घेऊन जाणं हाच मुळात आगाऊपणा होता. पारोळा तालुक्यातलं मामाचं गाव, श्रावणातली रविवारची रात्र, घरभर रोटांचा वास आणि ओसरीवर भजनी मंडळ बसलेलं. मोबाईलवर बघून बघून माझ्या चौदा-पंधरा कॉर्ड बसल्या होत्या, तेवढ्यावर छाती फुगली होती. पेटीवरच्या नानांनी भाता हलवत विचारलं, "कोनती पट्टी शे रे भो?" म्हणजे गाण्याचा 'सा' कोणता धरलाय?

मी म्हणालो, "जी, डी, ई मायनर, सी."

नाना हसले. "मी पट्टी इचारस, भो."

मला उत्तर देता आलं नाही. चारही कॉर्ड ज्या एका घरातून आल्या होत्या त्या घराचं नाव मला माहीत नव्हतं. नानांना पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन येत नाही, मेजर-मायनर हे शब्दही ते वापरत नाहीत, पण थिअरी त्यांना येत होती आणि मला येत नव्हती. पुढचं दीड वर्ष मी हे उलगडत बसलो. त्यात बराच वेळ वाया गेला, कारण सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली होती. आज परत सुरू करायचं झालं तर कोणत्या क्रमाने जाईन, ते खाली लिहितो. गिटार धरता येते, पाच-सहा साध्या कॉर्ड वाजतात, एवढं गृहीत धरलंय.

एकच तार, शून्यापासून

पहिले दोन आठवडे कॉर्ड बाजूला ठेवा. सगळ्यात बारीक तार घ्या, म्हणजे पहिली. मोकळी छेडली की तो 'ई'. आता बाराव्या फ्रेटवर दाबून छेडा. पुन्हा 'ई'च, पण वरच्या सप्तकातला. घरात शिवणकामाचा टेप असेल तर मापून बघा: बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर येतो. तार अर्धी झाली की कंपनं दुप्पट होतात, मोकळ्या तारेची सेकंदाला सुमारे ३३० तर इथे सुमारे ६६०. या दोन 'ई'च्या मधलं अंतर बारा सारख्या घरांत वाटलेलं आहे. एक फ्रेट म्हणजे एक घर. सतारीवाले ज्याला पडदा म्हणतात तोच हा.

मोकळी तार 'सा' धरा आणि या फ्रेटवर चढत जा: ०, २, ४, ५, ७, ९, ११, १२. वाजवताना तोंडाने सा रे ग म प ध नि सा म्हणा. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. शेजारचे हसतील, हसू द्या.

दोन-दोन घरं उडी मारत चाललोय, फक्त ग-म आणि नि-सा या जागी एकच घर. पाश्चात्य संगीतात याला मेजर स्केल म्हणतात, आपल्याकडे बिलावल थाट. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांची दहा थाटांत, म्हणजे सात स्वरांच्या दहा साच्यांत, विभागणी केली, त्यात शुद्ध स्वरांचा थाट हाच. अंतरांची माळ तीच, नावं दोन.

आता पेटीकडे बघा. पांढऱ्या पट्ट्यांमध्ये दोन ठिकाणी काळी पट्टी नसते. पांढरी एक, म्हणजे सी, 'सा' धरली तर त्या जागा ग-म आणि नि-सा याच. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. रात्री अकराला एकट्याला दिसलं तेव्हा मी उठून पाणी प्यायलो, एवढं बरं वाटलं.

बारा घरांची इंग्रजी नावं: सी, सी शार्प, डी, डी शार्प, ई, एफ, एफ शार्प, जी, जी शार्प, ए, ए शार्प, बी. ई आणि एफ शेजारी, बी आणि सी शेजारी, त्यांच्यात शार्प नाही. शार्प म्हणजे एक घर वर. फ्लॅट म्हणजे त्याच घरांना वरच्या बाजूने हाक मारणं. डी फ्लॅट आणि सी शार्प गिटारवर एकाच फ्रेटवर राहतात. सध्या एवढं पुरे.

पाठ करायचंच असेल तर जाड दोन तारांवरचे पहिले पाच फ्रेट करा. सहाव्या तारेवर: ई, एफ, एफ शार्प, जी, जी शार्प, ए. पाचव्या तारेवर: ए, ए शार्प, बी, सी, सी शार्प, डी. बाकीच्या तारा गरजेप्रमाणे येतील.

नाव एक, नाती अनेक

इथे बहुतेक जण अडकतात. मी चार महिने अडकलो, म्हणून जरा थांबून सांगतो.

मी शिकताना कुठेतरी वाचलं की 'सा म्हणजे सी'. ते डोक्यात बसलं आणि त्यापुढचं सगळं वाकडं झालं. गावात एकच माणूस कोणाचा मामा असतो, कोणाचा मेहुणा, कोणाचा जिभाऊ. नाव बदलत नाही, नातं मात्र कोणाच्या घरात बसून बोलताय त्यावर ठरतं. 'जी' हे नाव आहे. सीच्या घरात तो 'प' लागतो. डीच्या घरात तोच 'म'. एफच्या घरात 'रे'. आणि स्वतःच्या घरात अर्थातच 'सा'. सी, डी, ई ही माणसांची नावं; सा, रे, ग ही नाती. आणि पट्टी म्हणजे आज आपण कोणाच्या घरी बसलोय ते. इंग्रजीत तिलाच की म्हणतात.

आपला फायदा असा की नात्यांचा अर्धा अभ्यास कानाने आधीच झालेला असतो. लहानपणापासून आरत्या, भजनं, ओव्या ऐकलेल्या असतात. 'प' वरून 'सा' वर उतरताना कसं वाटतं, हे शिकवावं लागत नाही. त्या वाटण्याला नाव चिकटवायचं काम उरतं.

त्यासाठी हे करा. आजी जात्यावर म्हणायची तसली एखादी ओवी घ्या. तिचा जीव चार-पाच स्वरांत असतो, म्हणून ती सोपी. गुणगुणा आणि शेवटी जिथे चाल निवांत टेकते तो स्वर पकडा. बहुधा तोच 'सा'. तो पहिल्या तारेवर शोधा, तिथून बाकीचे स्वर हुडका आणि वहीत सरगम लिहा. भातखंडे पद्धतीत कोमल (एक घर उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र (एक घर चढलेल्या) मध्यमावर, म्हणजे 'म'वर, उभी रेघ देतात. तेवढी दोन चिन्हं पुरतात. मग तीच ओवी 'सा' दोन फ्रेट वर नेऊन पुन्हा वाजवा. फ्रेट सगळे बदलले, वहीतली सरगम तशीच राहिली. आठवड्याला अशा दोन चाली बसवल्या तरी पुष्कळ झाल्या.

कॉर्ड उघडून बघणे

आता गिटारवर सी कॉर्ड धरा आणि एकेक तार छेडत स्वरांची नावं लिहा. पाचवी तार तिसरा फ्रेट: सी. चौथी तार दुसरा फ्रेट: ई. तिसरी मोकळी: जी. दुसरी तार पहिला फ्रेट: सी. पहिली मोकळी: ई. पाच तारा वाजल्या, पण स्वर तीनच. सीच्या घरात त्यांची नाती सा, ग, प. कोणतीही मेजर कॉर्ड फोडली तरी आत हेच तीन निघतील.

अंतर मोजा. सा ते ग चार घरं, ग ते प तीन घरं. हे उलटं केलं, आधी तीन आणि मग चार, की मायनर. म्हणजे 'ग' एक घर खाली सरकून कोमल झाला, बाकी काही हललं नाही. हे बोटांनी बघायचं असेल तर ई मेजर धरा आणि तिसऱ्या तारेवरचं, पहिल्या फ्रेटवरचं बोट उचला. ई मायनर झाली. जी शार्पचा जी झाला, शुद्ध गांधाराचा, म्हणजे 'ग'चा, कोमल. आनंदी गाणं उदास होण्यामागचा सगळा व्यवहार त्या एका बोटाचा.

आता सीवरून ए मायनरवर या. दोन बोटं जागची हलत नाहीत, अनामिका तेवढी पाचव्या तारेवरून उठून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर बसते. कारण सीमध्ये सी-ई-जी आहेत आणि ए मायनरमध्ये ए-सी-ई. दोन स्वर सामायिक. म्हणून त्या दोन कॉर्ड एकमेकींच्या जागी बऱ्याचदा खपून जातात.

येणारी प्रत्येक कॉर्ड अशी उघडून वहीत लिहा. कंटाळवाणं काम आहे. मी वीज गेली की करायचो, भुसावळला त्याची कमतरता नाही.

तीन कॉर्डांत सात स्वर

एका पट्टीतल्या कॉर्ड शोधायच्या तर त्या घराच्या प्रत्येक स्वरावर एक सोडून एक असे तीन स्वर रचा. जीच्या घराचे स्वर: जी, ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प. त्यावर कॉर्ड बनतात: जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर आणि शेवटची एफ शार्प डिमिनिश्ड. कोणतंही घर घ्या, नमुना हाच. सा, म, प वरच्या मेजर. रे, ग, ध वरच्या मायनर. नि वरचीला सध्या नमस्कार करून पुढे जा.

मी नानांना सांगितलेल्या त्या चार कॉर्ड, जी, डी, ई मायनर, सी, म्हणजे जीच्या घरातल्या सा, प, ध, म. पट्टी अर्थात जी, नानांच्या भाषेत पांढरी पाच. उत्तर माझ्याच तोंडात होतं.

आता यातली खरी गंमत. सा ची कॉर्ड: सा, ग, प. म ची कॉर्ड: म, ध, सा. प ची कॉर्ड: प, नि, रे. मोजून बघा, सातही स्वर आले. म्हणजे शुद्ध स्वरांतल्या चालीचा कोणताही स्वर या तिघींपैकी एकीच्या पोटात असणारच. म्हणून कितीतरी गाणी तीन कॉर्डवर निभावून जातात, आणि म्हणूनच कॉर्ड शोधायला नेट लागत नाही.

करून बघू. ही चाल मी आत्ताच बनवली आहे, चार-चार मात्रांची:

ग ग प ग | म – ध – | प म रे – | सा – – –

पहिल्या चार मात्रांत ग आणि प, दोन्ही सा च्या कॉर्डमधले, तीच धरा. दुसऱ्यात म आणि ध, म्हणजे म ची कॉर्ड. तिसऱ्यात प, म, रे. प आणि रे हे प च्या कॉर्डमधले आहेत, मधला 'म' जाता जाता डोकावला, त्याच्यासाठी कॉर्ड बदलायची नाही. शेवटी सा. जीच्या पट्टीत वाजवलं तर जी, सी, डी, जी.

तो डोकावणारा 'म' आवडला असेल तर त्याला आत घेता येतं. डी, एफ शार्प, ए मध्ये सी मिसळला की डी सेव्हन. मी ही कॉर्ड दोन वर्षं वाजवत होतो आणि तिच्यातला 'सेव्हन' कुठून आला हे माहीत नव्हतं. डीपासून मोजत गेलं की सी सातवा, एवढंच.

नियम म्हणून नाही, सवय म्हणून लक्षात ठेवा: ठेक्याच्या जोराच्या मात्रेवर जो स्वर येतो त्याला कॉर्ड शोधा, मधल्यांना सोडा. 'सा' आला तर सा ची आणि म ची दोन्ही चालतात, 'प' आला तर सा ची आणि प ची. तिथे कान ठरवेल. दोन्ही लावून बघा, एक बरी वाटेल.

प ची कॉर्ड वाजवून मध्येच थांबलात तर अंगावर काटा राहतो, कोणीतरी वाक्य अर्धं सोडल्यासारखा. कारण तिच्यात 'नि' आहे आणि तो 'सा'पासून एका फ्रेटवर उभा आहे. डी मधला एफ शार्प, शेजारी जी. उंबऱ्यावर उभा असलेला पाहुणा. गाणं संपवायचं असेल तेव्हा ही ओढ वापरा.

मायनर पट्टीतही हेच होतं. ए मायनरच्या घरात, म्हणजे आसावरी थाटात, नि कोमल असतो आणि प वर ई मायनर येते. तिला ओढ कमी. म्हणून पुष्कळ गाण्यांत तिथे ई मेजर किंवा ई सेव्हन दिसते. तिच्यातला जी शार्प म्हणजे शुद्ध नि, उंबऱ्यावरचा तोच पाहुणा. ही कॉर्ड 'स्केलच्या बाहेरची' म्हणून मी एकदा चूक समजून खोडली होती.

ठेका

उजव्या हाताची थिअरी आपल्याकडे तयार आहे, फार वेळ घालवू नका. केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती, ना क धी ना. प्रत्येक मात्रेला हात एकदा हलवा, खाली-वर, खाली-वर. फोर-फोरचं साधं स्ट्रमिंग झालं. दादरा सहाचा: धा धी ना, धा ती ना. पहिल्या आणि चौथ्या मात्रेला जोर दिला की सिक्स-एटची चाल मिळते. गाणं लागलं की आधी टाळी देऊन सहा की आठ ते मोजायचं, मग गिटार उचलायची. हात कधी थांबवायचा नाही. जिथे आवाज नको तिथे तारांना न लागता फिरवायचा.

पट्टी आणि कॅपो

पेटीवाल्यांचा हिशोब असा. पांढरी एक ते सात म्हणजे सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. काळी एक ते पाच म्हणजे सी शार्प, डी शार्प, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प. हे कागदावर लिहून गिटारच्या पिशवीत ठेवा.

काळ्या पट्ट्यांवर बार कॉर्डांनी (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या) बोटं मोडतात, म्हणून कॅपो, म्हणजे एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. काळी एक हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सीच्या घरातल्या कॉर्ड. किंवा चौथ्यावर कॅपो आणि 'ए'च्या घरातल्या. काळी चार असेल तर पहिल्यावर कॅपो लावून जीच्या. काळी पाच असेल तर तिसऱ्यावर लावून जीच्या. पांढरी चार असेल तर तिसऱ्यावर लावून डीच्या. हिशोब एवढाच: ज्या घराच्या कॉर्ड सोप्या जातात तिथपासून हव्या त्या पट्टीपर्यंत फ्रेट मोजायचे, तेवढ्या फ्रेटवर कॅपो.

कॅपोशिवाय पट्टी बदलायची तर गाणं नात्यांत लिहून ठेवा. सा प ध म. जीमध्ये ते जी, डी, ई मायनर, सी. सीमध्ये सी, जी, ए मायनर, एफ. डीमध्ये डी, ए, बी मायनर, जी. माझ्या वहीत आता कॉर्डांची नावं नाहीतच, नातीच आहेत.

मंडळात बसताना

ट्यूनर ए ४४० वर (ए म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं) लावून गेलात आणि पेटी थोडी उतरलेली किंवा चढलेली असेल, तर चूक तुमचीच ठरेल. पेटीचे सूर जागच्या जागी बदलता येत नाहीत, गिटारचे येतात. नानांकडून पांढरी सहा मागून घ्या, पाचवी तार तिच्याशी मिळवा आणि बाकीच्या तिच्यावरून. खानदेशातला उन्हाळा असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा तपासा. भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. तारा तापल्या की सैलावतात आणि सूर उतरतो. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत गिटार ठेवू नका, सरस सुटतो. कुलरच्या झोतासमोरही नको. ओल्या हवेने लाकूड फुगतं, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात, आणि मग बोटं दुखतात म्हणून आपण स्वतःलाच दोष देत बसतो.

चाल कळत नसेल तर पूर्ण कॉर्ड लावू नका. फक्त सा आणि प धरा. 'ग' नसल्यामुळे ती ना मेजर ना मायनर, तंबोऱ्यासारखी मागे राहते आणि कोणाच्या आड येत नाही. मंडळात पहिले कितीतरी महिने मी एवढंच वाजवलं.

एखादे जुने बुवा म्हणतील की गिटारचा गांधार जरा चढा लागतो. त्यांचं बरोबर आहे. बारा घरं सारखी वाटल्यामुळे शुद्ध गांधार नैसर्गिक जागेपासून सुमारे १४ सेंट वर बसतो. एक फ्रेट म्हणजे १०० सेंट. सारख्या वाटणीत लावलेल्या पेटीचंही तेच. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती अनेक वर्षं टिकली, त्या वादात ही तक्रारही होती. वाद घालू नका, सा-प वर या. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा आहे, तो कानाला कळत नाही.

सर्कल ऑफ फिफ्थ्स, मोड्स, स्टाफ नोटेशन यांना मी पहिल्या वर्षात हात लावणार नाही. मोड्स तर पुढे थाटांमधून आपोआप ओळखीचे निघतात: काफी म्हणजे डोरियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, कल्याण म्हणजे लिडियन. भूपाचे पाच स्वर म्हणजे मेजर पेंटाटॉनिक, धानीचे मायनर पेंटाटॉनिक. गिटारवर सोलो वाजवायची घाई असेल तर भूप आधी बसवा.

भैरवीचं मात्र मला अजून जमत नाही. रे, ग, ध, नि चारही कोमल, त्यात गाणारा मध्येच शुद्ध रे लावून जातो आणि तोवर माझी कॉर्ड मागच्या स्वरावर अडकलेली असते. नाना भैरवी धरतात तेव्हा मी गिटार मांडीवर आडवी ठेवतो आणि शेजारच्याकडून टाळ मागून घेतो.